मारुती ८००चा पत्रा, नोंद तिसरी: वेल्डिंग मशीन ठरलं

गणपती झाले, पाऊस ओसरला आणि आमची १९९७ची पांढरी मारुती ८०० शेडमध्ये पुन्हा स्टँडवर चढली. मागच्या वेळी लिहिलं होतं तसं, ड्रायव्हरच्या पायाखालची मॅट उचलून स्क्रू ड्रायव्हर टेकवला तर तो सरळ खाली जमिनीला लागला. रत्नागिरीची खारी हवा आणि वर्षानुवर्षं मॅटखाली मुरलेलं पाणी, दोन्हींनी मिळून फ्लोअरची चाळण केली आहे. अशा भोकांवर फायबर आणि लांबी भरून वर काळा रंग मारून देणारे बरेच आहेत. पण सडका पत्रा आत तसाच राहिला तर लांबी पुढच्या पावसाळ्यात पापुद्र्यासारखी सुटते. वडिलांनी ही गाडी घेतली तेव्हा मी शाळेत होतो. तिला असं थिगळ लावायचं नव्हतं. कुजलेलं कापायचं, नवीन पत्रा बसवायचा आणि हे काम स्वतः शिकायचं, असं ठरवून दोन महिने मशीन शोधत होतो. ते शोधताना जे हाती लागलं, ते इथे लिहितो.

सुरुवात फुकटात केली. वाडीतल्या मित्राचं गेट-ग्रिलचं काम आहे, त्याचं रॉडने वेल्डिंग करायचं २०० अँपियरचं इन्व्हर्टर आर्क मशीन दोन दिवस आणलं. अशी मशीनं सहा-सात हजारांत मिळतात, त्यामुळे नवशिक्याची नजर आधी तिथेच जाते. १२ नंबरच्या रॉडने पहिल्याच ठिणगीला पत्र्यात रुपयाएवढं भोक पडलं. मग १४ नंबरचा, म्हणजे २ मिमीचा रॉड आणला, करंट ४० पर्यंत उतरवला. आता रॉड चिकटायला लागला. सुटला की भोक, नाही सुटला की लाल झालेला रॉड हातात. गाडीचा पत्रा पाऊण ते एक मिमी. त्याला अर्धा सेकंद उष्णता द्यायची आणि लगेच थांबायचं असतं. रॉड पेटवेपर्यंतच ती वेळ निघून जाते. जाड अँगलवर हेच मशीन उत्तम चालतं, माझा शेडचा सांगाडा त्यानेच जोडला आहे. पण बॉडीच्या कामासाठी ते घेऊ नका.

नाक्यावरच्या डेंटर काकांकडे जाऊन बसलो. त्यांनी आयुष्याची निम्मी वर्षं गॅस वेल्डिंगवर काढली. पितळेची काडी वितळवून त्यांनी जोडलेले मडगार्ड आजही शाबूत आहेत. मी विचारलं, "काका, मी गॅसवर शिकू का?" ते म्हणाले, "शिक की, पण पत्रा तापून वाकला की तो सरळ करायला तुला आणखी दहा वर्षं शिकायला लागेल. सीओटू घे. एक टाका, थांब. दुसरा टाका, थांब. घाई केलीस की दार पापडासारखं फुगेल."

सीओटू म्हणजे ज्यात गनमधून बारीक वायर आपोआप पुढे येते आणि कार्बन डायऑक्साइड वायू टाक्याला हवेपासून झाकतो, ते वेल्डिंग. मग प्रश्न राहिला, त्याचं कोणतं मशीन? आंबा घाट चढून कोल्हापूरला गेलो, उद्यमनगरात चार दुकानं फिरलो. पिशवीत घरून २२ गेजच्या सीआर (कोल्ड रोल्ड) पत्र्याचे तुकडे कापून नेले होते, हे फार उपयोगी पडलं. प्रत्येक दुकानात आधी वरचा आकडा ऐकवतात: हे २०० अँपियर, ते २५०. मी एकच विचारत होतो, खाली किती उतरतं? ०.८ मिमी पत्र्याला ३०-४० अँपियर पुरतात. ज्या मशीनचा आर्क, म्हणजे वायर आणि पत्र्यामधली विजेची ज्योत, तिथे अडखळतो, त्याचे वरचे २५० आपल्या काहीच कामाचे नाहीत. दोन दुकानदारांनी चालवून दाखवायला नकार दिला, तिथून निघालो. तिसऱ्याने माझ्या हातात गन दिली. एका मशीनवर ३५च्या खाली गेलो की वायर फट-फट तुटत होती. दुसऱ्यावर त्याच आकड्याला कढईत भजी सोडल्यासारखा एकसारखा चरचराट आला. तुकडा उलटून पाहिला: मागे निळसर गोल ठिपका, मधोमध बारीकसा उंचवटा, भोक नाही. पैसे देण्याआधी मशीन हेच घ्यायचं हे ठरून गेलं होतं.

मशीन १९ हजारांना पडलं. सिंगल फेजवर चालतं. गॅसवर साधी वायर आणि बिनगॅसची फ्लक्स (जळून टाक्याला हवेपासून झाकणारी पूड) भरलेली वायर, दोन्ही चालतात. गन सुटी निघते आणि ती एमबी १५ जातीची आहे. या गोष्टीकडे लक्ष द्या. बारा-तेरा हजारांच्या बऱ्याच मशीनला गन आतूनच कायमची जोडलेली असते, तिची केबल बिघडली की मशीन पडून राहतं. एमबी १५च्या टिप आणि नोझल तालुक्याच्या गावीही मिळतात. मशीनवर टिगचंही (एका हातात गन, दुसऱ्यात काडी धरून करायचं वेल्डिंग) चित्र आहे, पण गाडीखाली पाठीवर झोपून दोन्ही हात गुंतवणारं टिग मी सध्या करणार नाही.

बिनगॅसच्या वायरबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण सिलिंडरचा खर्च वाचतो म्हणून पुष्कळ जण तिथेच थांबतात. मीही पहिले दोन आठवडे तीच वापरली. उघड्यावर वारा असला तरी ती चालते, हा मोठा गुण. पण तिचा आर्क पातळ पत्र्याला जास्त तापवतो, धूर खूप, शिंतोडे खूप आणि प्रत्येक टाक्यावरची राख घासून काढावी लागते. शिवाय ती लावताना मशीनच्या आतली पोलॅरिटी बदलावी लागते: फ्लक्सच्या वायरला गन निगेटिव्हवर, गॅसच्या साध्या वायरला पॉझिटिव्हवर. मी पहिल्या दिवशी हे बदललं नव्हतं. सगळा दिवस चिमणीच्या विष्ठेसारखे थेंब पडत राहिले आणि मी स्वतःच्या हाताला दोष देत बसलो. नवं मशीन आणाल तेव्हा झाकण उघडून पोलॅरिटी बदलायची पट्टी कुठे लागली आहे ते आधी बघा.

गॅस मिरजोळे एमआयडीसीतून आणला, अनामत भरून छोटा सिलिंडर. शुद्ध सीओटू स्वस्त. आर्गॉन मिसळलेला गॅस पातळ पत्र्यावर जास्त मऊ चालतो, शिंतोडे कमी उडतात, पण महाग. मी सीओटूवरच आहे आणि फ्लोअरसाठी तो पुरतो. एक लक्षात ठेवा, सीओटू सिलिंडरात द्रवरूपात असतो. त्यामुळे गॅस संपत आला तरी दाबाचा काटा जागचा हलत नाही आणि द्रव संपला की एकदम कोसळतो. म्हणून मी सिलिंडर वजनकाट्यावर ठेवून अंदाज घेतो. प्रवाह मिनिटाला ८ ते १० लिटर. संध्याकाळी समुद्राकडून वारा सुटला की शेडच्या पश्चिमेला ताडपत्री सोडतो, नाहीतर टाक्यात मुंगीच्या वारुळासारखी बारीक भोकं दिसतात.

वायर ०.८ मिमीची. १ किलोचं रीळ किलोमागे महाग पडतं, तरी कोकणात तेच घ्या. ५ किलोचं रीळ दोन पावसाळी महिन्यांत मशीनमध्येच तांबूस झालं, गनच्या आत गंज घासला जाऊन वायर अडकायला लागली. आता काम झालं की रीळ काढून घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवतो.

विजेने मात्र दमवलं. संध्याकाळी आसपासचे पंप सुरू झाले की व्होल्टेज पडतं आणि वायर टिपलाच वितळून बसते. शिवाय माझी एक्स्टेंशन १.५ चौरस मिमीची, गुंडाळलेलीच वापरत होतो, हात लावला तर गरम. आता २.५ चौरस मिमीची दहा मीटर वायर पूर्ण उलगडून, १६ अँपियरच्या सॉकेटवर, सकाळी सहा ते दहा काम करतो. तेव्हापासून टिप जळणं बंद झालं.

आता प्रत्यक्ष काम. ड्रायव्हरच्या बाजूचा फ्लोअर साधारण वहीच्या दोन पानांएवढा कापला. गंज दिसतो त्याच्या दोन बोटं पुढे, जिथे पत्रा चमकदार आणि टणक लागला, तिथे रेघ मारली. नवा तुकडा २० गेजचा, सुमारे ०.९ मिमी. आधी वर्तमानपत्राचा नमुना, मग पुठ्ठ्याचा, मग पत्रा. कडा एकमेकींवर न चढवता समोरासमोर बसवल्या, कारण चढवलेल्या कडेत पाणी थांबतं. मध्ये वायरच्या जाडीएवढी फट. एसीच्या कामातून उरलेला तांब्याचा पाइप हातोडीने चपटा करून घेतला आहे, तो फटीखाली दाबून धरला की भोक पडायची धास्ती जवळजवळ जाते. पोलाद तांब्याला चिकटत नाही आणि जादा उष्णता तांबं ओढून घेतं. टाके इंचभर अंतराने. एक पुढच्या कोपऱ्यात, पुढचा समोरच्या, हाताला सोसेल इतकं गार झालं की मधले. एवढ्या तुकड्याला तीन सकाळी गेल्या. खालून दिवा लावून पाहिलं तेव्हा चार ठिकाणी उजेड दिसला, ते टाके ग्राइंडरने उघडून पुन्हा घातले. दुसऱ्यांदा उजेड दिसला नाही.

सुरू करण्याआधी बॅटरीच्या दोन्ही तारा सोडवतो, कार्पेट आणि डांबरी थर खरवडून काढतो, शेजारी पाण्याची बादली आणि अग्निशामक ठेवतो. काम संपल्यावर अर्धा तास शेड सोडत नाही. मागच्या फ्लोअरला हात घालण्याआधी पेट्रोलची टाकी उतरवून शेडबाहेर नेणार आहे. पुढच्या सस्पेन्शनचे टॉवर आणि सीटबेल्टच्या जागा मी करणार नाही, ते काम काकांकडेच जाईल. तिथे माझ्या शिकाऊ टाक्यावर कुणाचा जीव टांगून ठेवायचा नाही.

ही गाडी १९८३ ते २०१४ बनत राहिली, त्यामुळे रनिंग बोर्डसारखे (दाराखालची पत्र्याची पोकळ पट्टी) तयार भाग आजही मिळतात. डाव्या बाजूचा रनिंग बोर्ड काल उघडला. आतून ओंजळभर गंज, लाल माती आणि सुरूची वाळलेली पानं निघाली. तयार भाग मागवला आहे. तोवर त्याच्या आतल्या पट्टीचा पुठ्ठ्याचा नमुना कापून भिंतीला टांगला आहे.