घरकोंबडे चॅम्पियन

"वहिनी, तुमचा तो कॅल्झागी म्हणजे नुसता घरकोंबडा." आमचे भाऊजी हे वाक्य महिन्यातून एकदा तरी ऐकवतात. माझी लेक बॉक्सिंग खेळायला लागल्यापासून आमच्या घरात दोनच जण रात्री जागून जुन्या फाइट्स बघतात, मी आणि हे माझे धाकटे दीर. आवडीनिवडी मात्र अजिबात जुळत नाहीत.

जो कॅल्झागी वेल्सचा. 1997 मध्ये शेफिल्डला ख्रिस युबँकला हरवून त्यानं डब्ल्यूबीओ या जागतिक संघटनेचा सुपर मिडलवेट वजनगटाचा बेल्ट, म्हणजे जगज्जेतेपद, घेतला आणि पुढची दहा वर्षं सोडला नाही. या काळात तो बहुतेक वेळा ब्रिटनमध्येच लढला, अधूनमधून कार्डिफला, म्हणजे अगदी घराजवळ. मग 2008 मध्ये एकदाची अमेरिका गाठली, लास वेगासला बर्नार्ड हॉपकिन्सला आणि न्यूयॉर्कला रॉय जोन्सला, अशा तिथल्या दोन दिग्गजांना हरवलं, आणि एकही लढत न हरता निवृत्त झाला. भाऊजींचं म्हणणं, हे शेवटचं वर्ष नसतं तर त्याला कुणी विचारलं नसतं.

मला हे उलटं वाटतं. हॉपकिन्स तेव्हा 43 वर्षांचा होता, जोन्स 39 चा. दोघांनीही पहिल्याच राउंडमध्ये कॅल्झागीला खाली पाडलं आणि तरी तो जिंकला, हे खरं. हॉपकिन्सविरुद्ध तर तीनपैकी एका जजनं त्याला हरलेलाच दाखवलं. पण त्याच्या खऱ्या मोठ्या लढती आधीच होऊन गेल्या होत्या, त्याही घरीच. मार्च 2006 मध्ये मँचेस्टरला जेफ लेसी आला होता. एकही लढत न हरलेला, आयबीएफ या दुसऱ्या संघटनेचा बेल्टवाला, अमेरिकेचा लाडका. कॅल्झागीनं बारा राउंड त्याला असा धुतला की दोन जजांची कार्डं 119-107 होती (राउंड जिंकणाऱ्याला 10 गुण, हरणाऱ्याला बहुधा 9). ती लढत लेकीच्या कोचनं आम्हाला दाखवली होती, हात कसे चालू ठेवायचे ते समजावं म्हणून. आणि नोव्हेंबर 2007 ला कार्डिफच्या मिलेनियम स्टेडियममध्ये डेन्मार्कचा मिकेल केसलर, हाही अपराजित, दोन बेल्ट घेऊन आलेला. पन्नास हजार माणसं. गंमत बघा, लढत सुरू झाली रात्री एकच्या सुमारास, कारण अमेरिकेत टीव्हीवर संध्याकाळी दाखवायची होती. मैदान वेल्सचं आणि घड्याळ अमेरिकेचं!

इथेच मला भाऊजींचा राग येतो. रॉय जोन्स व्यावसायिक झाल्यापासून वीस वर्षं अमेरिकेबाहेर लढला नाही. पहिल्यांदा गेला तो 2009 च्या डिसेंबरात सिडनीला, आणि पहिल्याच राउंडमध्ये हरून आला. फ्लॉइड मेवेदर 2006 पासून शेवटपर्यंत लास वेगासमध्येच लढला, जिथे तो राहतो. त्याला कुणी घरकोंबडा म्हणतं का? नाही. कारण पैसा तिथे आहे, म्हणून लढतीही तिथेच व्हायच्या असं आपण धरूनच चालतो. बॉक्सिंगमध्ये लढत कुठे होते? जिथे जास्त तिकिटं खपतात आणि जिथला टीव्ही जास्त पैसे मोजतो, तिथे. कॅल्झागीला कार्डिफमध्ये पन्नास हजार लोक मिळत असतील तर त्यानं विमानात का बसायचं? जपानचा नाओया इनोउए 2021 च्या उन्हाळ्यात वेगासला लढून घरी गेला तो जवळपास चार वर्षं तिकडेच रमला. अमेरिकेचा फुल्टन त्याच्याकडे गेला, फिलिपिन्सचा डोनेर गेला, मेक्सिकोचा नेरी गेला. नेरीनं 2024 ला टोकियो डोममध्ये पहिल्याच राउंडमध्ये त्याला पाडलंसुद्धा, आणि मग सहाव्यात स्वतः संपला. चांगले लोक दारात येत असतील तर घरी बसण्यात काही वावगं नाही.

घरच्या मैदानाचा फायदा होतो का? होतो, आणि तो कसा होतो ते मी लेकीच्या स्पर्धांना जाऊन जाऊन शिकले. जज रिंगच्या कडेला खुर्चीवर बसतो. कधी कधी त्याच्या समोर एकीची फक्त पाठ असते. ठोसा गालावर लागला की हातमोज्यावर अडला, हे त्याला दिसत नाही. पण हॉलमधून "हाऽऽ" असा आवाज येतो तो बरोबर ऐकू येतो. यजमान मुलीचा हवेत गेलेला ठोसाही त्या आवाजात लागल्यासारखा वाटतो. आपल्या पोरीनं खरोखर मारला तरी हॉल गार. जज चोर असायची गरजच नसते. म्हणून मी हल्ली प्रत्येक लढत आधी आवाज बंद करून बघते, वहीत राउंडगणिक 10-9 लिहिते आणि मग आवाज लावून पुन्हा बघते. निदान एखाद-दोन राउंडचा निकाल तरी हमखास फिरतो.

आपल्याकडे हे सगळ्यांना ठाऊक आहे ते आपली बॉक्सर सरिता देवी हिच्यामुळे. 2014, दक्षिण कोरियातलं इंचॉन, एशियन गेम्सची उपांत्य फेरी, समोर कोरियाची पार्क जी-ना. सरितानं तिला झोडपलं आणि निकाल पार्कच्या बाजूनं गेला. पदक द्यायच्या वेळी सरितानं आपलं ब्राँझ पार्कच्याच गळ्यात घातलं, आणि त्यापायी वर्षभराची बंदी भोगली. त्याच देशात 1988 च्या सोल ऑलिंपिकला रॉय जोन्सनं अंतिम लढतीत 86 ठोसे मारले, समोरच्या पार्क सी-हुननं 32. सुवर्ण पार्कला मिळालं, आणि स्पर्धेतला सर्वोत्तम बॉक्सर म्हणून गौरव जोन्सचा! आता या दोन्ही पार्कांना काय दोष द्यायचा? गुण त्यांनी लिहिले नव्हते.

पण सगळेच घरकोंबडे मी माफ करत नाही. जर्मनीचा स्वेन ऑटके कॅल्झागीच्याच वजनगटात, त्याच काळात चॅम्पियन होता. तोही अपराजित निवृत्त झाला, एकवीस वेळा बेल्ट राखून. 2003 मध्ये न्यूरेंबर्गला रॉबिन रीडविरुद्धची त्याची लढत बघा. रीडनं स्वच्छ ठोसा मारला की रेफरी त्यालाच दटावतो. बरं, कॅल्झागी आणि ऑटके यांची गाठ कधी पडलीच नाही. तसंच हॅम्बुर्गचा दारिउश मिखालचेव्स्की आणि रॉय जोन्स. एकाच वजनाचे दोन राजे, वर्षानुवर्षं लोक ही लढत मागत होते, आणि ती झाली नाही. हा जर्मनीत, तो अमेरिकेत. माझा राग इथे आहे. घरी लढल्याबद्दल नाही, तर दोघांनीही उंबरा न ओलांडल्यामुळे जी लढत आपल्याला कधीच बघायला मिळणार नाही, तिच्याबद्दल. यात कॅल्झागीचाही वाटा आहे, एवढं मी भाऊजींना देते.

भाऊजींचा देव म्हणजे युक्रेनचा उसिक. पोलंडमध्ये पहिला बेल्ट, बर्लिनला तो राखला, मग रीगा, मॉस्कोला जाऊन बाकीचे, पुढे लंडनला अँथनी जोशुआला त्याच्याच प्रेक्षकांसमोर हरवलं. त्याला सलाम आहेच. फक्त एवढंच म्हणते की कीव्हमध्ये तेवढा पैसा असता तर बाकीचे तिकडे गेले असते.

राहता राहिला आपला विजेंदर. त्याची अपराजित घोडदौड 2021 मध्ये घरीच संपली, पणजीला, कॅसिनोच्या जहाजाच्या गच्चीवर, रशियाच्या लोप्सानकडून. त्याआधी 2017 ला वरळीत चीनच्या झुल्पिकारविरुद्ध तो जिंकला तेव्हा कार्डं होती 96-93, 95-94, 95-94. झुल्पिकारचा एक गुण कापला होता. तो कापला नसता तर दोन जजांकडे बरोबरी होती. त्या रात्री भाऊजी वरळीच्या हॉलमध्ये होते, घसा बसेपर्यंत ओरडत होते. परवा मी विचारलं, ही लढत बीजिंगला झाली असती तर तो गुण कापला गेला असता का?

"तो कमरेखाली मारत होता, वहिनी! मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय."

कितव्या रांगेत बसला होता, ते मात्र सांगेनात.