काचेसारख्या उतारावर ऑल-माउंटन बोर्ड: स्ट्रॅटन, व्हरमाँट

सोमवारी दुपारी पाऊस पडला, रात्री पारा उणे 9 वर उतरला आणि मंगळवारी सकाळी आम्ही स्ट्रॅटनच्या स्की रिसॉर्टला पोचलो. अमेरिकेच्या ईशान्य कोपऱ्यात, न्यू इंग्लंडमध्ये, स्नोबोर्डिंग करणाऱ्याला एवढं सांगितलं की पुढचं कळतं. पाणी हिमात मुरतं, रात्री गोठतं, मग पहाटे ग्रूमिंगचं यंत्र तो थर फोडून त्यावर कंगवा फिरवल्यासारख्या रेघा काढून जातं. उतार दिसतो सुरेख, पण रेघांच्या बोटभर खाली काच असते.

बरोबर भाचा होता. माझा बोर्ड 156 सेंटीमीटरचा, मध्यम कडक, दोन पायांच्या मध्ये कॅम्बर (वर उचललेली कमान) आणि टोकांना थोडा रॉकर (वर वळलेला बाक). बोर्डाचा हा दुसरा सीझन. मऊ हिमावर आणि झाडांमधून त्याने मला कधीच दगा दिला नव्हता. कडक बर्फावर तो कसा वागतो ते या वेळी नीट बघायचं ठरवलं होतं. बॉस्टन आणि न्यू जर्सीकडची आपली बरीच मंडळी हल्ली व्हरमाँटला येतात, आणि ‘एकच बोर्ड, सगळीकडे चालेल’ असं ऐकून हाच ऑल-माउंटन प्रकार घेतात.

गोंडोला थेट 1,181 मीटरच्या शिखरावर नेतो. वरून निळ्या चौकोनाची, म्हणजे मध्यम अवघड, ट्रेल धरली. ताज्या ग्रूम केलेल्या भागावर बोर्डाने मन जिंकलं. बोर्डाच्या पोलादी कडेवर वजन टाकताच कॅम्बर दाबला जातो, कड पूर्ण लांबीने टेकते आणि वळण आपोआप गोल होत जातं. थांबून मागे पाहिलं तर हिमात पेन्सिलीने ओढल्यासारखी एकच बारीक रेघ होती, कुठेही घसरल्याचा फराटा नाही. वेग फार वाढवला की मात्र पुढचं टोक फडफडायला लागतं. रॉकर असलेलं टोक सपाट हिमाला धड टेकत नाही. ज्यांना फक्त ग्रूम केलेल्या उतारावर सुसाट जायचं आहे त्यांनी पूर्ण कॅम्बरचा, थोडा जास्त कडक बोर्ड घ्यावा, असं माझं स्पष्ट मत झालं.

पुढे उतार जिथे अरुंद आणि तीव्र होतो तिथलं हिम आधीच्या लोकांनी खरवडून कडेला लोटलं होतं आणि मध्ये बर्फाचा राखाडी पट्टा उघडा पडला होता. चवड्याच्या कडेवर तो पार झाला. टाचेच्या कडेवर आलो, बोर्ड खडखडत थरथरला, सुटला, आणि मी कुल्ल्यावर पंधरा मीटर खाली गेलो.

भाचा शेजारी येऊन थांबला. “मामा, तू खुर्चीत बसल्यासारखा बसतोयस. कंबर बोर्डाच्या बाहेर जाते. गुडघे वाकव, पाठ सरळ ठेव.”

त्याचं बरोबर होतं. चवड्यावर असताना घोटा बारीकसारीक तोल सांभाळतो, टाचेवर ते जमत नाही. तिथे माणूस घाबरून कंबर मागे टाकतो, कड जास्त तिरकी होते आणि वजन तिच्यावरून निसटतं. अर्धा दिवस मी हेच सुधारत होतो, तरी त्या पट्ट्यावर बोर्ड पकड घेईना. शेवटी तळाशी येऊन मी कडेवरून अंगठ्याचं नख आडवं ओढलं. धारदार कड नखाचा बारीक भुगा काढते. माझ्या नखावर चराही उठला नाही. कृत्रिम हिम बनवणाऱ्या गनमधून फवारलेलं हिम दाट आणि खरखरीत असतं, दहा-बारा दिवसांत त्याने धार पार गोल केली होती, आणि मी दोन सीझन दोष बोर्डालाच देत होतो.

जेवणाच्या वेळात तळाच्या दुकानात धार लावून घेतली: बोर्डाच्या तळाकडून 1 अंशाचा कोन, बाजूने 2 अंशांचा. त्यानंतर टाचेवरचा तोच पट्टा मी उभ्याने पार केला. खरखर आली, पण कड टिकली. एक मात्र नीट सांगतो, पाणी थेट गोठून निळसर झालेल्या बर्फावर धार लावूनही हा बोर्ड वळत नाही. तसा तुकडा दिसला की त्याच्या आधीच वेग कमी करा, त्यावरून बोर्ड सपाट ठेवून शांतपणे जा, आणि पलीकडे ट्रेलच्या कडेला खरवडलेल्या हिमाचा ढीग असतो त्यात वळा. बर्फावर जोराने कड रुतवायला गेलात तर हमखास पडाल.

जाणाऱ्यांनी मनगटाचे गार्ड आणि हेल्मेट घ्याच, पार्श्वभागाला पॅडही लावा. कडक बर्फावर पडणं म्हणजे फरशीवर पडणं. पाऊस पडून गोठलं असेल तर नऊला लिफ्टच्या रांगेत उभं राहण्याची घाई नको. मार्चमध्ये ऊन असेल तर दहा-साडेदहानंतर वरचा थर सैल होतो, आणि स्ट्रॅटनच्याच सन बाऊल या भागाच्या बाजूला सकाळचं ऊन चांगलं मिळतं. ढगाळ असेल तर उलट करा, रेघा शाबूत आहेत तोवर पहिल्या तासातच भरपूर खेळून घ्या. तिकीट आधी ऑनलाइन काढा, खिडकीवर फार महाग पडतं. आयकॉन पास (अनेक रिसॉर्टना चालणारा सीझनचा पास) इथे चालतो. फेब्रुवारीतल्या प्रेसिडेंट्स डेच्या सुट्टीचा आठवडा टाळा. गर्दीने उतार दुपारच्या आतच खरवडून निघतो.

बॉस्टनहून रूट 2 ने ग्रीनफील्ड, तिथून आय-91 ने ब्रॅटलबरो आणि मग रूट 30 ने बाँडव्हिल, साधारण तीन तास. रूट 30 वेस्ट नदीच्या काठाने वळत जातो, पहाटे तिथे रस्त्यावरही बर्फ असतो, म्हणून अर्धा तास जास्तीचा धरा. वाटेत वेस्ट डमर्स्टनचा जुना लाकडी छताचा पूल लागतो, तो थांबून पाहण्यासारखा आहे.

याच भागातल्या लंडनडेरीत जेक बर्टन कारपेंटर यांनी 1977 मध्ये बोर्ड बनवायला सुरुवात केली आणि 1983 मध्ये स्ट्रॅटनने स्नोबोर्डरना लिफ्ट खुली केली. त्या सुरुवातीच्या लाकडी बोर्डांना पोलादी कडच नव्हती. त्या राखाडी पट्ट्यावर उभं राहून हे आठवलं, तेव्हा त्या लोकांबद्दल मनापासून आदर वाटला. व्हरमाँटमध्येच मॅड रिव्हर ग्लेनला मात्र आजही फक्त स्कीवाल्यांना प्रवेश आहे, तिकडे बोर्ड घेऊन जाऊ नका.

आणि परतताना बोर्ड गाडीत टाकण्याआधी कडा कोरड्या फडक्याने पुसा. आम्ही मंगळवारी विसरलो, बुधवारी सकाळी नव्या धारेवर तांबूस गंज आला होता.