"चुकून घेतलं" एवढ्यावर केस पेपर मिटवू नका

कॅज्युअल्टीत विषबाधेचा पेशंट आला की आधी श्वास, नाडी, शुद्ध बघायची, काय घेतलं आणि कधी घेतलं ते विचारायचं, ते बरोबरच आहे. पण त्याच धावपळीत "का घेतलं" हेही उरकलं जातं, तेही नातेवाइकांच्या घोळक्यात, आणि पेशंटने तोंड उघडायच्या आत कोणीतरी बोलून टाकतं, "अहो डॉक्टर, चुकून घेतलं". तेच पेपरवर चढतं. मला हे फार खटकतं.

आयसीडी-१० मध्ये, म्हणजे आजारांच्या आंतरराष्ट्रीय कोड-यादीत, अपघाती विषबाधेला एक्स ४० ते एक्स ४९, स्वतःहून घेतलेल्याला एक्स ६० ते एक्स ६९ आणि हेतू कळलाच नाही तर वाय १० ते वाय १९ असे वेगळे कोड आहेत. कळलं नसेल तर तसंच लिहा ना, "अपघात" लिहून मोकळं कशाला व्हायचं?

बऱ्याच वेळा हिस्ट्रीच बोलते. लहान मुलाने बाटली तोंडाला लावली, पाण्याच्या बाटलीत ओतून ठेवलेलं फिनाईल कोणी एक घोट घेऊन थुंकलं, वयस्कर माणसाने सकाळची गोळी विसरून परत घेतली, हे सगळं अपघाताशी जुळतं. पण घरचे पिशवीतून रिकाम्या स्ट्रिप्स काढतात, म्हणतात डोकं दुखत होतं म्हणून घेतल्या, आणि बोलता बोलता दाराला आतून कडी होती हेही कळतं, तेव्हा जुळत नाही. मग सगळ्यांना बाहेर थांबवायचं, स्टूल ओढून बसायचं आणि सरळ विचारायचं, "जीव नकोसा झाला होता का?" असं विचारल्याने नसलेला विचार डोक्यात येतो, हा निव्वळ गैरसमज आहे.

आणि तब्येतीवरून हेतू ठरवू नका. पॅरासिटामॉलच्या ओव्हरडोसमध्ये पहिल्या दिवशी पेशंट ठणठणीत दिसू शकतो, लिव्हरवरचा परिणाम नंतर कळतो, म्हणून तर त्यावरचा उतारा, अॅसिटिलसिस्टीन, पहिल्या ८ तासांत सुरू झालेलं सगळ्यात चांगलं. "नुसतं घाबरवायला घेतलं" म्हणणाराही जिवावरच्या धोक्यात असतो, आणि खरंच मरायचं होतं तो दोन दिवसांत चालायला लागतो.

कित्येकांना तर स्वतःलाच नक्की सांगता येत नाही, रागाच्या एका झटक्यात घेतलेलं असतं. म्हणून डिस्चार्जच्या आधी परत एकदा एकट्याला विचारा, उत्तर बदललं तर पेपरवरही बदला, आणि मानसोपचार तज्ज्ञांना दाखवल्याशिवाय घरी सोडू नका.