एवढ्या शिकलेल्यांना संघटना कशाला?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, नाहीतर आमच्या विद्यापीठातल्या शिक्षक संघटनेचा विषय मी स्वतःहून काढत नाही. प्रश्न ठरलेला असतो. सोसायटीच्या मीटिंगमध्ये, लग्नाच्या पंगतीत, कधी वर्गणीची पावती फाडताना नव्या सहायक प्राध्यापकाकडून: "मॅडम, एवढी शिकलेली माणसं तुम्ही, पगार चांगला, उन्हाळ्याची सुट्टी. तुम्हाला संघटना कशाला हवी? आणि तिथे तुम्ही करता तरी काय?"

पगाराचा टोमणा मी मनावर घेत नाही. सातव्या वेतन आयोगात सहायक प्राध्यापकाचं मूळ वेतन 57,700 रुपयांपासून सुरू होतं. हे कमी आहे असं पुण्यातल्या रिक्षावाल्याला ऐकवायची माझी तरी हिंमत नाही. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मात्र कुणी शेवटपर्यंत ऐकत नाही, कारण ते कंटाळवाणं आहे. आम्ही नियम वाचतो, तारखा सांभाळतो आणि फाइल कुठल्या टेबलावर अडकली आहे ते विचारत फिरतो.

हे काम कुणीतरी करावंच लागतं, कारण विद्यापीठाला आठवण नसते. कुलगुरू पाच वर्षांसाठी येतात, कुलसचिवांची मुदतही तेवढीच, विभागप्रमुखपद फिरतं. नियम मात्र साचत जातात. यूजीसीचे, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचे, 2010 चे, मग 2018 चे, त्यावर राज्याचा मार्च 2019 चा शासन निर्णय, वर शुद्धिपत्रकं, आणि त्यांचे खुलासे. नेमणूक एका नियमात, बढती दुसऱ्यात, निवृत्ती तिसऱ्यात, असा माणसाचा प्रवास असतो. हे सगळं सलग लक्षात ठेवणारे दोघंच: नोकरीच्या फायली सांभाळणाऱ्या आस्थापना विभागातले जुने क्लार्क आणि शिक्षक संघटना. त्यातले क्लार्क एक दिवस निवृत्त होतात.

एक प्रकरण जवळून सांगते. आमच्याकडे बढतीच्या योजनेला (करिअर अॅडव्हान्समेंट स्कीम) सगळे कॅस म्हणतात. पीएच.डी. झालेल्या सहायक प्राध्यापकाला चार वर्षांच्या नोकरीनंतर पगाराच्या लेव्हल 10 वरून 11 वर जाता येतं. त्यासाठी दर वर्षाचा तक्ता भरायचा. नेमून दिलेल्या तासांपैकी 80 टक्के किंवा जास्त घेतले तर 'चांगले', 70 ते 80 मध्ये 'समाधानकारक', त्याखाली 'असमाधानकारक'. विज्ञान शाखेतल्या एका सहकारी बाईंनी मधल्या एका वर्षी 180 दिवसांची बाळंतपणाची रजा घेतली होती. टक्केवारी काढणाऱ्याने ती अख्ख्या वर्षाच्या तासांवर काढली. अर्थातच ती सत्तरच्या खूप खाली गेली आणि छाननीत फॉर्म परत आला. बाई बिचाऱ्या स्वतःलाच दोष देत माझ्याकडे आल्या. रजेच्या काळात एखादा शोधनिबंध जास्त लिहायला हवा होता, म्हणाल्या.

2018 च्या नियमावलीत त्याच तक्त्याखाली एक टीप आहे. बाळंतपणाची, बालसंगोपनाची, आजारपणाची, अभ्यासाची, अशा रजांचा काळ मूल्यमापनातून वगळायचा, उरलेल्या काळाचंच मोजमाप करून ते शंभर टक्क्यांच्या हिशेबात न्यायचं, आणि रजेपायी कुणाचं नुकसान होऊ द्यायचं नाही. इतकं स्वच्छ लिहिलेलं आहे. पण तक्ता भरणाऱ्याने तक्ता वाचला होता, टीप वाचली नव्हती. आम्ही त्या पानाची प्रत काढली, टीपेवर पिवळा मार्कर फिरवला, संघटनेच्या लेटरहेडवर सहा ओळींचं पत्र लिहिलं आणि आवक क्रमांक घेतला. आवक क्रमांक न घेता दिलेलं पत्र दिलं नाही असंच धरायचं, हे नव्या सदस्यांना पहिल्याच दिवशी शिकवतो. फॉर्म पुढे सरकला.

यात आणखी एक मेख असते. पात्रता पूर्ण झाल्याबरोबर अर्ज केला आणि माणूस निवडला गेला, तर बढती पात्रतेच्या तारखेपासून मिळते. 'शोधनिबंध छापून येऊ दे, मग भरतो' म्हणत दोन वर्षं घालवली तर ती गेल्यातच जमा. हुशार माणसं याच बाबतीत सर्वांत गाफील असतात. प्रयोगशाळेत मायक्रोलिटरचा हिशेब ठेवणाऱ्या सरांना स्वतःची पात्रता तारीख माहीत नसते.

संशोधन करणाऱ्या विद्यापीठात काही प्रश्न असेही येतात, जे बाहेरच्यांना प्रश्नच वाटणार नाहीत. 2022 च्या पीएच.डी. नियमांनुसार निवृत्तीला तीन वर्षांपेक्षा कमी उरली की नवा संशोधक विद्यार्थी घेता येत नाही. राज्यातल्या विद्यापीठात निवृत्ती 60 व्या वर्षी. म्हणजे 57 नंतर दार बंद. इथेच पाषाणला आयसर या केंद्र सरकारच्या विज्ञान संस्थेत हेच वय 65 आहे. आमच्याकडच्या प्रोफेसरला आठ विद्यार्थी घ्यायची मुभा असते, पण हाताखाली प्रयोगशाळा नीट बसली, दोन प्रकल्प मंजूर झाले, की नेमका तेव्हाच तो 57 चा होतो. या विषयावर आम्ही निवेदनं देत आलो आहोत. सेंट्रल बिल्डिंगमध्ये उच्च शिक्षण संचालनालय, तिथून मंत्रालय. पुण्यात राहण्याचा फायदा एवढाच, की निम्मं अंतर बसने कापता येतं.

"मग संप का करत नाही?" हा पुढचा प्रश्न. एक तर आम्ही कामगार नाही. तेव्हाच्या औद्योगिक विवाद कायद्याच्या व्याख्येत शिक्षक बसत नाहीत असं सर्वोच्च न्यायालयाने 1988 मध्येच, गोव्यातल्या एका शिक्षिकेच्या प्रकरणात, सांगून टाकलं आहे. दुसरं, 2013 सगळ्यांना आठवतं. एमफुक्टोने, म्हणजे राज्यातल्या प्राध्यापक संघटनांच्या महासंघाने, परीक्षेच्या कामावर बहिष्कार टाकला होता. सहाव्या वेतन आयोगाची थकबाकी आणि 1991 ते 2000 मधल्या नेट-सेट या पात्रता परीक्षा पास नसलेल्या शिक्षकांचा प्रश्न, या मागण्या रास्त होत्या. पण फेब्रुवारीपासून मेपर्यंत ते चाललं, मुलं टांगणीला लागली, आणि लोकांचा राग सरकारवर न निघता आमच्यावर निघाला. माझं मत संघटनेत सगळ्यांना पटत नाही, तरी सांगते: विद्यार्थ्याच्या निकालाला हात लावला की आपली बाजू कितीही खरी असली तरी कुणी ऐकत नाही. काळ्या फिती लावा, धरणं धरा, कोर्टात जा.

कारभाराबद्दल फार सांगत नाही. संस्था नोंदणीचा 1860 चा कायदा आणि आपल्याकडचा सार्वजनिक न्यासाचा 1950 चा, दोन्ही लागू. कार्यकारिणी बदलली की 90 दिवसांत धर्मादाय आयुक्तांकडे बदल अर्ज करायचा. वार्षिक सभेला वेळेवर गणपूर्ती होत नाही. मग अध्यक्ष सभा अर्धा तास तहकूब करतात, तेवढ्यात चहा होतो, आणि त्याच जागी तीच सभा गणपूर्तीच्या अटीशिवाय सुरू होते. इतिवृत्त वाचून दाखवलं की भाषा विभागातले सर ऱ्हस्व-दीर्घ सुधारतात, संख्याशास्त्राचे सर ताळेबंदातली बेरीज तपासतात. मूळ ठरावाबद्दल बोलायला उरलेली माणसं कमीच असतात.

खरी दुखरी गोष्ट वेगळी आहे, आणि ती कुणी विचारत नाही. नियमित भरती अडली की जागा कंत्राटावर भरतात. 11 महिने, मग खंड, मग पुन्हा मुलाखत. ही मुलं आमच्याइतकेच तास घेतात, पेपर काढतात, तपासतात. पण नियमित नाहीत म्हणून त्यांना पीएच.डी.चे मार्गदर्शक होता येत नाही, आणि आमच्या घटनेत सभासदत्व 'मान्यताप्राप्त पूर्णवेळ शिक्षकां'ना असल्यामुळे संघटनेतही येता येत नाही. ज्याला आवक क्रमांकाची सगळ्यात जास्त गरज, त्याच्याच पत्राला आमचं लेटरहेड नाही. ज्येष्ठांचं म्हणणं असतं, त्यांना घेतलं की आपल्या मागण्या मागे पडतील. मला ते पटत नाही. सभासद दरवर्षी निवृत्त होतात आणि त्यांच्या जागी येणाऱ्याला आपण दारातच उभं करतो. अशाने काही वर्षांनी मागण्या असतील, मागणारं कुणी नसेल.

घटनादुरुस्तीचा मसुदा मी लिहून दिला आहे. मागच्या सभेत त्यावर 'पुढील सभेत विचार करावा' असं ठरलं. ते सुचवणाऱ्यांपैकी दोघं पुढच्या सभेच्या आत निवृत्त होत आहेत, त्यामुळे आता मी आकडेमोड करते आहे.