परक्या घरातलं कपाट

ड्रॅगन क्वेस्ट या व्हिडिओ गेममध्ये नव्या गावात शिरलं की पहिलं काम ठरलेलं. दिसेल ते दार ढकलायचं, आत जायचं, कपाट उघडायचं, कोपऱ्यातला रांजण उचलून आपटायचा आणि आतून जे निघेल ते खिशात घालून बाहेर पडायचं. घरमालक तिथेच उभा असतो. त्याची काही तक्रार नसते. उलट तो पुढच्या वाटेची माहिती देतो. ही रीत मला माझ्या भाच्याने शिकवली, मांडवी एक्सप्रेसमध्ये, चिपळूण सोडल्यावर. करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा सुरू झाला, खिडकीत आपलंच तोंड दिसायला लागलं, तेव्हा त्याने स्विच, म्हणजे हातात धरून खेळायचं गेमचं यंत्र, माझ्याकडे दिलं आणि म्हणाला, "मावशी, आता तू."

आषाढात गोव्याला कशाला, असं घरी सगळ्यांनीच विचारलं होतं. किनाऱ्यावर लाल बावटे, शॅक मोडून ठेवलेले, १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद. खरंय. पण गर्दी नसते, खोल्या परवडतात आणि लाल मातीवर हिरवं इतकं दाटतं की डोळ्यांना दुसरं काही नको होतं. भाच्याशी करार एवढाच होता: दिवसा मी म्हणेन तिथे फिरायचं, दिवेलागणीनंतर तो म्हणेल ते खेळायचं.

तो म्हणत होता ते ड्रॅगन क्वेस्ट इलेव्हन. जपानमध्ये २०१७ साली आलेला, आणि त्याचीच वाढवलेली आवृत्ती २०१९ साली स्विचवर. मूळ मालिका १९८६ ची. कथा युजी होरी यांची, चित्रं अकिरा तोरियामांची, संगीत कोइची सुगियामांचं. या मालिकेतला सगळ्यात लाडका प्राणी म्हणजे स्लाइम. होरींनी म्हणे कागदावर नुसता चिकट गोळ्यांचा ढीग काढून दिला होता. तोरियामांनी त्याचा निळा, टोकदार थेंब केला आणि त्याला रुंद हसू दिलं. तुम्ही त्याच्यावर तलवार चालवता तेव्हाही तो हसतच असतो. कथा तशी हलकी नाही. नायक राजाच्या भेटीला जातो आणि राजा त्याला अपशकुनी ठरवून थेट तुरुंगात टाकतो. पण तुरुंग फोडून बाहेर पडलात की समोर इतकं झगझगीत गवत, इतकं निळं आभाळ आणि जिभा बाहेर काढून नाचणारे असले राक्षस, की राग टिकत नाही.

गावं मात्र बघावीत. कालव्यांवरचं गोंडोलिया म्हणजे उघड उघड व्हेनिस. हॉट्टो म्हणजे गरम पाण्याची कुंडं असलेलं जपानी डोंगरगाव, आणि इंग्रजी आवृत्तीत तिथली माणसं चक्क हायकूत बोलतात. गॅलोपोलिसला वाळवंट आणि घोड्यांची शर्यत. तिथल्या राजपुत्राला घोडेस्वारी जमत नाही आणि तो नायकाला आपला वेष चढवून पुढे करतो. प्रत्येक देश पिळून त्यातली एकच गंमत काढून घेतलेली. गोव्याचं आपण सगळ्यांनी मिळून तेच केलंय, म्हणून मला हे खेळताना थोडं ओशाळंही वाटत होतं आणि मजाही येत होती.

पणजीत पोचल्यावर फोंताइन्हासला गेलो. आल्तिन्होच्या टेकडीखाली, ओरेंच्या खाडीला लागून असलेली जुनी वस्ती. पिवळी, निळी, गेरूच्या रंगाची घरं, कौलांच्या टोकाला मातीचे कोंबडे, कुठे कुठे अजून शिंपल्यांच्या तावदानांच्या खिडक्या. पोर्तुगीज अमलात पांढरा रंग चर्चसाठी राखलेला होता, घरांना बाकीचे. म्हणून ही रंगांची चंगळ. भाचा गल्लीच्या तोंडाशी थांबला आणि म्हणाला, "हे गोंडोलियाच आहे." नुसतं म्हणून थांबला नाही, खिडक्या मोजायला लागला. खेळात ज्या घराला दार काढलेलं असतं त्यात जाता येतं. इथे कुठल्या घरात जाता येईल ते तो पाहत होता.

कुठल्याच नाही. काही दारांवर पाट्याच आहेत: पायरीवर बसू नका, फोटो काढू नका, इथे लोक राहतात. आणि पाटीखालच्याच पायरीवर, लांब घेरदार पिवळा झगा घालून एक मुलगी बसलेली, समोर छत्री धरलेला एकजण, तिसरा गुडघ्यावर कॅमेरा घेऊन. पाऊस भुरभुरत होता. झग्याचा घेर नीट पसरेना, म्हणून छत्रीवाला तो पुन्हा पुन्हा उचलून टाकत होता. त्यांचं काही संपेना. शेवटी वरची खिडकी उघडली, केस बांधत बांधत एक बाई वाकल्या आणि शांतपणे म्हणाल्या, "बाये, हें घर आसा, स्टुडिओ न्हय."

मंडळी उठली, तीन घरं पुढे जाऊन दुसऱ्या पायरीवर बसली.

"गोंडोलियात कुणी असं बोलत नाही," भाचा म्हणाला.

"तिथे कुणाला रात्री झोपायचं नसतं."

"झोपतात की. रात्री सगळे आपापल्या खाटेवर असतात. तेव्हाही आत जाता येतं."

यावर मला काही सुचलं नाही. आम्ही गल्लीच्या टोकाला सांत सेबास्तियांवच्या कपेलाशी गेलो. एकोणिसाव्या शतकातलं हे छोटं पांढरं कपेल, म्हणजे प्रार्थनामंदिर, समोर विहीर. आत जो क्रूस आहे तो मूळचा जुन्या गोव्यातल्या इन्क्विझिशनच्या, म्हणजे धर्मन्यायालयाच्या, वाड्यातला. त्यावरच्या ख्रिस्ताचे डोळे उघडे आहेत. ते डोळे मला बराच वेळ सोडेनात. भाच्याचं लक्ष दुसरीकडेच. ड्रॅगन क्वेस्टमध्ये खेळ साठवायचा तर चर्चमध्ये जाऊन पाद्रीबाबांना सांगावं लागतं, मेलेला साथीदारही तिथेच दक्षिणा मोजून उठवून मिळतो. "इथे सेव्ह होत असेल," तो पुटपुटला. मी त्याला बाहेर काढलं आणि एका हॉटेलात पातळ भाजी आणि उंडो खायला घातला.

जुन्या गोव्यात व्हाइसरॉयच्या कमानीतून सरळ खाली उतरलं की धक्का. दिवाडी बेटाला रस्त्याचा पूल नाही, फेरीबोटच. पलीकडे पोचताना बोटीची लोखंडी फळी सिमेंटच्या उतारावर खरवडत टेकते, स्कूटरवाले ती पुरती टेकायच्या आधीच गाडी सुरू करून बसलेले, आणि चालणाऱ्यांनी त्यांच्या धुरातून वाट काढायची. चालणाऱ्याला तिकीट नाही. मग खाजनातून, म्हणजे खाडीकाठच्या खारजमिनीतून, गेलेला सरळ रस्ता, दोन्ही बाजूंना पाणी, आणि वाटेवर पांढरे खुरीस, म्हणजे क्रूस, त्यांच्यावर ओले हार. खेळात रानावनात देवीची मूर्ती लागते, तिच्याजवळ मुक्काम पडतो, खेळ साठवतात. प्रत्येक खुरीस दिसला की भाचा माझ्याकडे बघायचा. मी दुर्लक्ष करायचे.

मळारला एका घरात खोली घेतली होती. घरात मालकीणबाई, म्हणजे वहिनी, त्यांचे यजमान आणि सासूबाई, म्हणजे आजी. बोलणं कोकणीत, वाचणं मराठीत. आजींच्या उशाशी ज्ञानेश्वरी आणि कालचा मराठी पेपर. ताजी मासळी नव्हतीच, पण सुक्या सुंगटांची, म्हणजे कोळंबीची, किसमूर अशी होती की भाच्याने तीनदा भात घेतला. जेवणं झाली, वीज एकदा जाऊन आली, पाऊस कौलांवर धरून कोसळत होता. आम्ही ओसरीवर खेळायला बसलो. आजी मागे येऊन उभ्या राहिल्या. पडद्यावर स्लाइम उड्या मारत होता.

"हो मोदक निळो कसो?"

तिथून पुढे आजी हलल्याच नाहीत. खेळ लोनालुलूला पोचला होता, नारळी-पोफळीचं कोळ्यांचं गाव. (ज्यांना हा खेळ खेळायचाय त्यांनी हा परिच्छेद सोडावा.) खडकावर मिशेल नावाची मत्स्यकन्या बसलेली असते. एका दर्यावर्दी कोळ्याने तिला लग्नाचं वचन दिलंय, तो येईल म्हणून ती थांबलीय. तुम्ही गावात चौकशी करता तेव्हा कळतं की तो कधीच वारला. मत्स्यकन्येचं आयुष्य माणसापेक्षा कितीतरी लांब, तिच्या ध्यानातच आलं नाही किती काळ लोटला ते. परत येऊन तुम्ही तिच्यासमोर उभे राहता आणि खेळ तुम्हाला विचारतो: खरं सांगणार, की खोटं?

भाच्याने आधीच्या खेपेला खोटं सांगितलं होतं. वहिनीही त्याच मताच्या. भांडी विसळता विसळता आतून म्हणाल्या, "आशेवर बसलीय, बसू दे की. तुमचं काय जातंय?" मी बटणावर अंगठा ठेवून थांबले. आजींचे यजमान बोटीवर कामाला होते, वर्ष-वर्ष घरी नसत. त्यामुळे या घरात अशा प्रश्नावर शेवटचा शब्द त्यांचाच.

"खरें सांग तिका," आजी म्हणाल्या. "इतलीं वर्सां वाट पळयली तिणें."

मी खरं सांगितलं. पुढे काय होतं ते लिहीत नाही. वहिनी हात पुसत बाहेर येऊन दारातच उभ्या राहिल्या एवढं सांगते. आजी बराच वेळ गप्प होत्या, मग विचारलं, "आनी तो मोदक खंय गेलो?"

या खेळात सगळ्यांशी बोलायचं असतं, आणि दोनदा. पहिल्यांदा माणूस एक सांगतो, पुन्हा बोललं की दुसरं. गावात काही घडून गेलं की तीच माणसं वेगळं बोलतात. भाचा हे दिवाडीतही करायला लागला. पोदेराशी, म्हणजे पाववाल्याशी बोलला, फेरीच्या खलाशाशी बोलला, दुसऱ्या दिवशी पुन्हा त्यांनाच गाठलं. पोदेर पहिल्या दिवशी पोळ्यांचा भाव सांगून मोकळा झाला होता. दुसऱ्या दिवशी त्याने सायकल टेकवली आणि सप्तकोटेश्वर या देवाचं मूळ ठिकाण इथेच, दिवाडीच्या नार्व्याला, हे सांगितलं. कदंब राजघराण्याचं हे दैवत. पोर्तुगिजांनी देऊळ पाडलं, भक्तांनी लिंग नदीपलीकडे डिचोलीत नेलं, आणि त्या नव्या जागेचंही नाव नार्वेच पडलं. १६६८ साली शिवाजी महाराजांनी तिथल्या देवळाचा जीर्णोद्धार केला. आम्ही दुसऱ्या फेरीने तिकडे गेलो. अलीकडे पुन्हा डागडुजी होऊन देऊळ स्वच्छ उभं आहे, चिऱ्याचं, ठेंगणं, झाडीत. शिलालेख देवनागरीत आहे. भाच्याने तो अक्षर लावत वाचला, मी मध्ये बोलले नाही.

मग माशेलचा चिखलकाला, चिखलात खेळायचा उत्सव. आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी, देवकीकृष्णाच्या देवळासमोरच्या मैदानात. हा देवही नदी ओलांडून आलेला, मूळचा चोडण बेटावरचा. रात्रभर भजन झालेलं, अंगाला तेल चोपडलेले बाप्ये आणि पोरं, आणि पावसाने मऊ झालेल्या तांबड्या चिखलात धावणं, लोळणं, आंधळी कोशिंबीर. साठीतले गृहस्थ गड्याला पाठीवर घेऊन पळत होते. कडेला उभं राहून बघायचा आमचा बेत होता. कुणीतरी भाच्याचं मनगट धरलं, नाव-गाव काही न विचारता आत ओढलं, आणि पुढच्या मिनिटाला मला तो ओळखू येईना. स्विच प्लास्टिकच्या पिशवीत घालून माझ्या छातीशी होता. तेवढ्यात एका काकांनी माझ्याही दोन्ही गालांना चिखल फासला आणि "येवा, येवा" म्हणत पुढच्याला गाठायला गेले.

मुख्य खलनायक अजून लांब आहे, आणि त्याला मारून श्रेयनामावली सरकून गेल्यावरही खेळाचा एक अख्खा भाग उरतो, हे भाच्याने मला परतीच्या गाडीत सावंतवाडी गेल्यावर सांगितलं. आजींना मात्र त्याने निघतानाच सांगून ठेवलं होतं, म्हणून त्यांनी पुढचं निमंत्रण दिलं. ऑगस्टच्या चौथ्या शनिवारी दिवाडीत बोंदेरां असतं: वाड्यावाड्यांचे बावटे, मिरवणूक, आणि बांबूच्या नळीतून एकमेकांवर छोटी फळं उडवायची लुटुपुटीची लढाई. त्याच आठवड्यात भाच्याची चाचणी परीक्षा आहे. ताईला अजून आम्ही दोघांनीही सांगितलेलं नाही.