वॅट मोजून घेतलेला लॅपटॉप

माझं काम दोन टेबलांवर चालतं. एक ऑफिसातलं, एक घरातलं. मधूनच तिसरं, ज्या वास्तुविशारदाचा प्रकल्प असेल त्याच्याकडचं. इमारत उभी राहण्याआधी ती कशी दिसेल याची चित्रं आणि फिरती दृश्यं मी ब्लेंडर या त्रिमितीय चित्रांच्या प्रोग्रॅममध्ये बनवते. रात्री गेम खेळते. ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू? नवा संगणक घ्यायचा विचार सुरू झाला तेव्हा दोन्ही कारणांचं वजन सारखंच होतं.

सरळ हिशोबाने डेस्कटॉप घ्यायला हवा होता. तेवढ्याच पैशांत तो जास्त काम देतो, थंड राहतो, पुढे सुटे भाग बदलता येतात. यावर वाद घालण्यात अर्थ नाही. पण अर्धवट झालेला सीन मला दुसऱ्या टेबलावर न्यावा लागतो, आणि सीन म्हणजे एक फाइल नव्हे. टेक्स्चर म्हणजे भिंती-फरशांवर चढवायची चित्रं, झाडंझुडपं, फर्निचरची मॉडेलं, अॅडऑन म्हणजे ब्लेंडरचे जोडप्रोग्रॅम, त्यांच्या नेमक्या आवृत्त्या. हे सगळं दोन यंत्रांवर एकसारखं ठेवणं हा वेगळाच उद्योग होऊन बसतो. ग्राहकासमोर फाइल उघडावी आणि भिंती गुलाबी दिसाव्यात, म्हणजे टेक्स्चर दुसऱ्या यंत्रावरच राहिलं, हे ज्यांनी पाहिलंय त्यांना मी काय म्हणते ते कळेल.

तरी आधी बाकीच्या वाटा तपासल्या. घरी डेस्कटॉप आणि सोबत हलका लॅपटॉप, ही मांडणी बहुतेकांना पुरते आणि त्यांनी तीच करावी. माझ्या कामात हलक्या लॅपटॉपवर सीन उघडतो, पण फिरवायला गेलं की अडखळतो. घरच्या डेस्कटॉपवर दुरून काम करायचं तर सगळा कारभार नेटच्या मर्जीवर. बाहेरून जोडायचं ग्राफिक्स कार्ड कागदावर फार देखणं वाटतं. पण थंडरबोल्ट 4 ची केबल सेकंदाला 40 गिगाबिट नेते आणि डेस्कटॉपमधली 16 लेनची पीसीआयई 4.0 जोडणी त्याच्या सहापटीहून जास्त. शिवाय तो डबा, त्यातलं कार्ड, त्याचा पॉवर सप्लाय हे सगळं पुन्हा उचलायचंच. मग लॅपटॉप हलका असण्यात काय मिळवलं?

राहिले गेमिंग लॅपटॉप: बारीक की जाड, एवढाच प्रश्न. आणि खरा अभ्यास इथे सुरू झाला, कारण वरवर पाहता दोघांत फरकच दिसत नाही. तेच ग्राफिक्स कार्ड, तोच प्रोसेसर, तेवढीच रॅम. एक बॅगेत सहज सरकतो, दुसऱ्यासाठी बॅगच नवी घ्यावी लागते. मग जाड लॅपटॉप कोण कशाला घेईल?

उत्तर वॅटमध्ये आहे. लॅपटॉपमधल्या आरटीएक्स 4090 या ग्राफिक्स कार्डाला ते बनवणाऱ्या एनव्हिडिआने 80 ते 150 वॅट एवढी मोठी मुभा दिलेली आहे. त्यावर डायनॅमिक बूस्टचे, म्हणजे प्रोसेसरच्या वाट्यातून उसने घेतलेले, 25 धरले तर कमाल 175. नेमके किती द्यायचे ते लॅपटॉप बनवणारी कंपनी ठरवते, आणि ती ठरवते आतली उष्णता बाहेर काढण्याच्या सोयीवरून. 4060 आणि 4070 मध्येही तेच: 35 ते 115. म्हणजे एकाच नावाची दोन कार्डं शेजारी ठेवली तर एकाला दुसऱ्याच्या निम्मीच वीज मिळत असेल, आणि खोक्यावर नाव मात्र एकच असेल. हा खेळ जुना आहे. 2017 मध्ये बारीक लॅपटॉपसाठी मॅक्स-क्यू नावाचे कमी विजेवर चालणारे प्रकार आले, तेव्हा निदान नावातून तरी कळायचं. 2021 मध्ये, आरटीएक्स 30 मालिकेच्या वेळी, तो नावातला भेदही गेला आणि त्याऐवजी कंपन्यांनी वॅटचा आकडा जाहीर करावा असं ठरलं. आकडा असतो, पण तपशिलांच्या पानावर अगदी तळाशी, बारीक अक्षरात. ‘कमाल ग्राफिक्स पॉवर’ किंवा टीजीपी असं काहीतरी लिहिलेलं असतं. मी विक्रेत्यांना हा आकडा विचारायचे, तर समोरचा मॉडेलचं नावच पुन्हा, जरा मोठ्या आवाजात सांगायचा.

नावाचा आणखी एक चकवा आहे. डेस्कटॉपचं 4090 हे 450 वॅटचं, 16,384 कोअरचं (कोअर म्हणजे एकाच वेळी हिशोब करणारे छोटे भाग) आणि 24 जीबी मेमरीचं कार्ड. लॅपटॉपचं 4090 म्हणजे 9,728 कोअर आणि 16 जीबी. कोअर आणि मेमरी पाहिली तर ते डेस्कटॉपच्या 4080 चं भावंड आहे, तेही बऱ्याच कमी विजेवर चालणारं. याला फसवणूक म्हणावं की विक्रीकला, ते ज्याचं त्याने ठरवावं. मला 16 जीबी हवे होते, कारण झाडं आणि गवत लावलेला सीन 8 जीबीत मावत नाही, आणि मेमरीत न मावलेला सीन एक तर रखडतो नाही तर रेंडर, म्हणजे सीनवरून अंतिम चित्र काढायचं काम, मधेच बंद पाडतो. या 40 मालिकेत लॅपटॉपच्या 4080 ला 12 आणि 4090 ला 16 जीबी होते, त्यामुळे निवड फारशी उरलीच नाही.

एक मात्र सांगायला हवं. वरच्या टप्प्यात वॅट वाढतात त्या प्रमाणात वेग वाढत नाही. पहिल्या शंभर वॅटमध्ये जे मिळतं त्याच्यापुढे शेवटच्या पंचविसांची कमाई किरकोळ. म्हणून 175 चा आकडा बघून हुरळून जाऊ नये. जाड लॅपटॉपचा खरा फायदा वेगळा आहे: तो वेग टिकवतो. गेममधली लढाई पाच मिनिटांत संपते, रेंडर रात्रभर चालतं. पहिल्या काही मिनिटांत सगळेच लॅपटॉप धावतात. मग तांब्याच्या नळ्या तापतात, प्रोसेसर स्वतःला आवरतं घेतो, आणि तिथून पुढे बारीक आणि जाड यांच्या वाटा फुटतात.

प्रोसेसरचंही तसंच. मोठ्या लॅपटॉपमध्ये इंटेलचे एचएक्स नावाचे प्रोसेसर येतात, ते मुळात डेस्कटॉपचेच, लॅपटॉपच्या बोर्डावर बसवलेले. उदाहरणार्थ कोअर आय9-13980एचएक्स: 24 कोअर, मूळ वीज 55 वॅट, पण जोर लावला की 157 पर्यंत. हा आणि 175 चं कार्ड एकत्र चालवलं तर आत घेतलेली जवळजवळ सगळी वीज शेवटी उष्णता होऊनच बाहेर पडते. ती काढायला जागा लागते: रुंद पंखे, जाड पाती, जास्त नळ्या किंवा व्हेपर चेंबर (उष्णता पसरवणारी पोकळ, चपटी डबी), मागे आणि दोन्ही बाजूंना जाळ्या. मोठा पंखा कमी फेऱ्यांत तेवढीच हवा ढकलतो, म्हणून तो कमी किंचाळतो. अठरा इंची लॅपटॉप लोक पडद्यासाठी घेतात असं मलाही वाटायचं. प्रत्यक्षात पडद्याखालच्या हवेसाठी ते पैसे जातात.

पडद्याचं सुख अर्थात आहेच. सोळाऐवजी अठरा इंच म्हणजे त्याच आकाराच्या चौकटीत सुमारे 27 टक्के जास्त जागा. रुंदी-उंचीच्या 16:10 या प्रमाणामुळे उंचीही मिळते, त्यामुळे ब्लेंडरच्या खिडक्या एकमेकींच्या डोक्यावर चढत नाहीत. वेगळा मॉनिटर नसलेल्या तिसऱ्या टेबलावर याची किंमत कळते.

ठरवण्याआधी असे लॅपटॉप वापरणाऱ्यांना गाठलं. जहाजावर नोकरी करणारा एक मित्र म्हणाला, माझी केबिन एवढीशी, महिनोन्‌महिने तिथेच राहायचं, नेटचा भरवसा नाही. त्याला गेम खेळायला, सिनेमे बघायला एकच वस्तू हवी होती, आणि ती रोज उचलायची नव्हतीच. वसतिगृहात राहणारा मामेभाऊ म्हणाला, ताई, दर सुट्टीला खोली रिकामी करावी लागते, डेस्कटॉप कुठे ठेवू? यंत्रांचे आराखडे करणाऱ्या ओळखीच्या एका काकांना नमपॅड असलेला पूर्ण कीबोर्ड हवा होता, बाकी कशाचं त्यांना सोयरसुतक नव्हतं. आणि एकाने प्रामाणिकपणे सांगितलं की त्याला ते रंगीत दिवे आवडतात. हौसेला मोल नाही. 2017 मध्ये एसरने प्रिडेटर 21 एक्स आणला होता: वक्र 21 इंची पडदा, दोन जीटीएक्स 1080, वजन आठ किलोच्या वर. तो कोणी गरजेपोटी घेतला असेल असं मला वाटत नाही, पण असा प्राणी एकदा जगात होऊन गेला याचा आनंद वाटतो.

या सगळ्यांत एक गोष्ट समान निघाली. त्यांचा लॅपटॉप एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जातो, आणि मधल्या प्रवासात बंद असतो. रोज लोकलमध्ये किंवा कॅफेत उघडून बसणारा माणूस त्यांत एकही नव्हता. माझंही तसंच होतं. तिथे माझा निर्णय पक्का झाला.

बॅटरीबद्दल मनात काही आशा असेल तर ती इथेच सोडावी. विमानात परवानगीशिवाय न्यायच्या लिथियम बॅटरीची मर्यादा 100 वॅट-तास आहे, म्हणून मोठ्या लॅपटॉपच्या बॅटऱ्या 99 किंवा 99.9 वर येऊन थांबतात. 200 वॅट ओढायचे ठरवले तर हा साठा अर्ध्या तासाचा. म्हणूनच चार्जर काढला की यंत्र स्वतःहून वीज कमी करतं आणि सगळी ऐट उतरते. चार्जरविना हे गेमिंग लॅपटॉप नव्हेतच.

लॅपटॉप आल्यावर परतीची मुदत सुरू असतानाच सगळ्या तपासण्या उरकल्या. आधी चार्जरवरचा आकडा पाहिला, 330 वॅट. मग पडद्यावर एकेक रंग पूर्ण भरून मेलेले ठिपके शोधले. रॅम दोन पट्ट्यांत आहे की एकात, तेही पाहिलं, कारण एकाच पट्टीने वेग घटतो. दोन पट्ट्या होत्या, आणि त्या काढून पुढे मोठ्या बसवता येणार होत्या. अनेक बारीक लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डालाच डाखलेली असते, तिथे पुढचा विचार आजच करून ठेवावा लागतो. मक्स स्विच आहे याचीही खात्री केली. तो नसेल तर मुख्य कार्डाने काढलेलं चित्र प्रोसेसरमधल्या छोट्या ग्राफिक्समधून फिरून पडद्यावर येतं आणि वाटेत थोडा वेग सांडतो.

मग खरी परीक्षा. एक जड सीन रेंडरला लावला, शेजारी यंत्राचे आकडे दाखवणारं एचडब्ल्यूइन्फो उघडून ठेवलं आणि माझं दुसरं काम करत बसले. तासाभराने कार्ड किती वॅट ओढतंय ते बघायचं होतं, पहिल्या मिनिटाला किती होते ते नव्हे. आकडा जवळपास जिथल्या तिथे होता. पंख्याचा आवाज? आहे, आणि चांगला आहे. दार लोटून घ्यावं एवढा. पण तो एकसुरी घोंघाट आहे, चढउतार नाही, त्यामुळे हेडफोन लावले की विसरायला होतो. नंतर पंख्याचा मधला मोड आणि गेममध्ये सेकंदाला दिसणाऱ्या चित्रांना, म्हणजे फ्रेमना, मर्यादा घालून तो बराच खाली आणला. 240 हर्ट्झचा पडदा आहे म्हणून प्रत्येक गेम 240 फ्रेमने पळवायलाच हवा असा काही नियम नाही. टेबलावरच्या कामासाठी बॅटरी 80 टक्क्यांवर थांबवून ठेवली आहे.

उचलण्याचं काय, असं सगळेच विचारतात. या आकाराचे लॅपटॉप तीन ते चार किलोंच्या दरम्यान असतात, आणि चार्जर वेगळा, तोही किलोच्या आसपास. खांदा बोलतो. त्यावर तोड अशी काढली की दुसरा मूळ चार्जर घेऊन तो ऑफिसच्या टेबलाखाली कायमचा बसवला. यूएसबी-सीची कमाल 240 वॅट, त्यामुळे 330 साठी कंपनीची वेगळी पिनच लागते आणि दुसऱ्याचा चार्जर चालत नाही. तिसऱ्या टेबलासाठी बॅगेत 100 वॅटचा छोटा यूएसबी-सी चार्जर असतो. त्यावर सीन उघडतो, फिरतो, ग्राहकाला दाखवता येतो. रेंडर मी तिथे लावत नाही, ते रात्री घरी होतं, दार लोटून.