फुकुईतलं हिवाळी योकान

आज जपानमधल्या फुकुईत बाहेर बर्फ पडत होता आणि शेजारच्या आजींकडे कोतात्सूत, म्हणजे पांघरूण घातलेल्या गरम टेबलाखाली, पाय घालून मी मिझु-योकान हे जेलीसारखं गोड खाल्लं. अझुकी या लाल कडधान्याचं पुरण, साखर आणि कांतेन, म्हणजे आपला चायना ग्रास. बाकी जपानात बहुतेक ठिकाणी हे पाणीदार योकान उन्हाळ्यातलं, इथे मात्र हिवाळ्यातलं! पसरट खोक्यातून लाकडी उलथन्याने उचललं की थरथरतं, जिभेवर लगेच विरतं. घट्ट नेरी-योकान मला फार गोड लागतं. चेस्टनट घातलेलं कुरी-योकान आवडतं. 'योकान' या नावाचा मूळ अर्थ 'मेंढीचा रस्सा'. चीनहून आलेल्या या पदार्थात झेन भिक्षूंनी मांसाऐवजी कडधान्य आणलं. आजींनी उरलेलं खोकं माझ्याकडे सरकवलं. पहिल्याच घासाला आईचं पुरण आठवलं होतं, फक्त वेलदोडा नव्हता.